वगळलेलं सत्र परत घ्या: अभ्यासमंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

कॉम्रेड्स,

यंदाच्या शिबिराच्या पहिल्या मसुद्यात दुसऱ्या दिवशी सकाळी एक सत्र होतं: 'कम्युनिस्ट राजवटींचे गुन्हे आणि विचारसरणीचा आजचा अर्थ'. छापून आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत ते नाही. त्याच वेळेत 'समाजवादी देशांची कामगिरी' हे सत्र घातलं आहे, आणि त्याच्या टिपणात शेवटी 'काही काळ काही अतिरेकही झाले' एवढ्या एका ओळीवर विषयाची बोळवण केली आहे. का, असं विचारल्यावर तोंडी तीन कारणं मिळाली. विषय जुना झाला. आजच्या वातावरणात ही चर्चा म्हणजे विरोधकांच्या हाती आयतं कोलीत. आणि नव्या मुलांचं मनोधैर्य खचतं.

कार्यकारिणीला मी लेखी पत्र दिलं, त्याला उत्तर आलं नाही. बैठकीत विषय काढला तर 'शिबिरानंतर बघू' म्हणून पुढचा विषय घेतला गेला. म्हणून आता हे सगळ्यांसमोर ठेवते आहे. मंडळ फोडायचं नाही, कुणाची बदनामीही करायची नाही. मला ते सत्र परत हवं आहे.

मी हे कुंपणापलीकडून लिहीत नाही. माझे वडील युनियनचे पूर्णवेळ कार्यकर्ते होते, आमच्या घरात देवाच्या आधी लाल बावटा आला. मंडळाचा प्राथमिक वर्ग मी घेते. वरकड मूल्य, म्हणजे कामगारानं निर्माण केलेल्या मूल्यातला मजुरी वजा जाता मालकाकडे जाणारा भाग, फळ्यावर मांडून दाखवताना मला आजही हुरूप येतो. तो हिशेब खोटा आहे असं मला कधी वाटलेलं नाही. अडचण पुढे येते. गेल्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "ताई, राज्यच कामगारांचं असेल तर कामगारांनी संप केल्यावर काय व्हायचं?"

याचं सरळ उत्तर द्यायचं तर नोवोचेर्कास्क सांगावं लागतं. मी सांगितलं.

१ जून १९६२. दक्षिण रशियातल्या या शहरात विजेवर चालणारी रेल्वे इंजिनं बनवणारा मोठा कारखाना होता. मांसाचे आणि लोण्याचे भाव पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढल्याची घोषणा त्याच सुमारास झाली. कारखान्यात कामाचे दर आधीच कापले होते, म्हणजे तेवढाच घाम गाळून हातात कमी पैसे. कामगार जाब विचारायला जमले. मांस परवडत नसेल तर कलेजी भरलेले पाव खा, असं संचालकानं त्यांना ऐकवलं. भोंगा वाजला, काम थांबलं. दुसऱ्या दिवशी हजारो माणसं शहरातल्या पक्ष कार्यालयाकडे निघाली, हातात लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन. चौकात सैन्यानं गोळ्या झाडल्या. पुढे खुल्या झालेल्या नोंदींनुसार २६ माणसं गेली. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, गुपचूप दूरदूरच्या दफनभूमींत पुरली. रक्ताचे डाग धुतले जाईनात म्हणून चौकावर नवं डांबर ओतलं. नंतर खटले चालले आणि सात जणांना मृत्युदंड झाला. सोव्हिएत वर्तमानपत्रांत त्यानंतरची पंचवीसेक वर्षं याची एक ओळ नव्हती.

ही गोष्ट मी मुद्दाम निवडली. तेव्हा स्टालिनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. सत्तेवर ख्रुश्चॉव्ह होते, ज्यांनी स्टालिनच्या व्यक्तिपूजेचा पंचनामा केला तेच. 'सगळा दोष एका माणसाचा' ही सारवासारव इथे चालत नाही. कारखाना राज्याचा, युनियन राज्याची, न्यायालय राज्याचं, वर्तमानपत्र राज्याचं. मग कामगारानं गाऱ्हाणं न्यायचं कुठे? चौकात. आणि चौकात रणगाडे.

आता तुमच्या तीन कारणांकडे येते.

विषय जुना झाला म्हणता. पॅरिस कम्यून १८७१ चं, त्यावर आपण दर मार्चला व्याख्यान ठेवतो. जाहीरनामा १८४८ चा, तो पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात देतो. तेव्हा जुनेपणा ही आपली अडचण कधीच नव्हती. आणि हा विषय खरंच जुना झाला असता तर त्याची आज कुणाला भीती वाटली नसती. स्टालिनकाळातल्या बळींची नावं गोळा करणारी रशियातली 'मेमोरियल' ही संस्था तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बरखास्त केली. पुढच्याच वर्षी तिला शांततेच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो भाग वेगळा. ४ जून १९८९ ला बीजिंगमध्ये सैन्यानं आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, हे चीनमध्ये अजून उघडपणे बोलता येत नाही. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये त्यासाठी दरवर्षी मेणबत्त्या लागत, २०२० पासून त्याही बंद झाल्या. उत्तर कोरियात तर कामगारांचा पक्ष आजोबाकडून नातवाकडे आला आहे. यातलं जुनं काय आहे?

'काही अतिरेक झाले' या ओळीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. दंगलीत जमावाचा तोल सुटतो, त्याला अतिरेक म्हणता येईल. ३० जुलै १९३७ चा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा ००४४७ क्रमांकाचा हुकूम हा सरकारी कागद आहे. त्यात प्रांतवार कोष्टक आहे. प्रत्येक प्रांतासमोर दोन रकाने: पहिला वर्ग, म्हणजे गोळी, दुसरा वर्ग, म्हणजे ८ ते १० वर्षं छावणी किंवा तुरुंग. माणसं कोण ते अजून ठरायचं होतं, आकडा आधी ठरला. सुरुवातीचा कोटा पहिल्या वर्गात सुमारे ७६ हजार आणि दुसऱ्या वर्गात १ लाख ९३ हजारांच्या आसपास. निकाल द्यायला तिघांची समिती, आरोपी समोर नाही, वकील नाही, अपील नाही. कोटा संपला की प्रांतांचे अधिकारी मॉस्कोला वाढवून मागत आणि वाढवून मिळे. या आणि अशाच इतर मोहिमांत १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६ लाख ८१ हजार ६९२ माणसांना गोळी घातली गेली. हा आकडा अमेरिकेच्या प्रचारखात्याचा नाही, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या दप्तरातला आहे. काट्यीनचं हत्याकांडही तसंच. ५ मार्च १९४० ला पॉलिटब्युरोनं, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळानं, ठराव करून पोलंडचे सुमारे २२ हजार कैदी मारायला लावले, त्यात लष्करी अधिकारी होते, पोलीस होते, डॉक्टर आणि शिक्षकही होते. ठरावावर सह्या आहेत. नंतर पन्नास वर्षं 'हे नाझींनी केलं' असं जगाला सांगितलं आणि १९९० मध्ये मान्य केलं. मधल्या काळात जगभरच्या आपल्या पक्षांनी तेच खोटं आपापल्या भाषेत छापलं.

आता मनोधैर्याचं. मुलांना कळू नये असं तुम्हांला ज्याबद्दल वाटतं, ते मेलेले लोक बहुतांशी आपलेच होते. १९३४ मध्ये सोव्हिएत पक्षाच्या सतराव्या काँग्रेसला, म्हणजे अधिवेशनाला, १,९६६ प्रतिनिधी होते. त्यातले १,१०८ पुढे 'क्रांतिविरोधी' म्हणून पकडले गेले. त्या काँग्रेसनं निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य आणि उमेदवार सदस्यांपैकी ९८ जणांना गोळी घातली. हे आकडे खुद्द ख्रुश्चॉव्ह यांनी फेब्रुवारी १९५६ च्या भाषणात दिले. बोल्शेविकांना झारनं छळलं त्याहून जास्त त्यांच्याच पक्षानं संपवलं.

आपल्या दरसालच्या हुतात्मा अभिवादनात आपण नावं वाचतो. त्या यादीत वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. सरोजिनी नायडूंचे हे भाऊ. पहिल्या महायुद्धात बर्लिनमध्ये बसून ब्रिटिशांविरुद्ध काम केलं, पुढे साम्राज्यवादविरोधी लीगचे चिटणीस झाले, नेहरूंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. जर्मनीत राहणं अशक्य झालं म्हणून सोव्हिएत युनियनमध्ये गेले, लेनिनग्राडला संशोधक म्हणून काम करत होते. जुलै १९३७ मध्ये अटक, २ सप्टेंबरला गोळी. दीड महिन्यात सगळा निकाल. अबनी मुखर्जी १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी एक. त्यांना २८ ऑक्टोबर १९३७ ला मारलं. गुलाम अंबिया खान लुहानी यांना सप्टेंबर १९३८ मध्ये. ब्रिटिशांना या तिघांना संपवता आलं नाही. ज्यांच्या आश्रयाला गेले त्यांनीच त्यांचा काटा काढला, आणि स्टालिन गेल्यावर निर्दोष ठरवलं. ब्रिटिशांनी कम्युनिस्टांवर भरलेल्या मेरठ खटल्याची तारीख आपल्या मुलांना पाठ असते. ही तीन नावं त्यांना कोण सांगणार?

आणखी एक बाई आहे, जिच्याबद्दल या शिबिरात मी बोलणार होते. मार्गारेटे बुबर-नॉयमान, जर्मन कम्युनिस्ट. नवरा हाइन्झ नॉयमान जर्मन पक्षाच्या अगदी वरच्या फळीतला. हिटलर आल्यावर दोघं मॉस्कोला आश्रयाला आली. १९३७ मध्ये त्याला उचललं आणि मारलं. त्याचं काय झालं ते तिला कळवलं नाही. पुढच्या वर्षी तिलाही धरलं आणि कझाखस्तानातल्या कारागांदाच्या छावणीत पाठवलं. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिन-हिटलर करार झाला. १९४० मध्ये तिला आणि तिच्यासारख्या इतरांना ब्रेस्ट-लितोव्स्कच्या पुलावर आणून गेस्टापोच्या ताब्यात दिलं. कम्युनिस्टांनी कम्युनिस्टांना नाझींच्या हवाली केलं, कागदपत्रांसह. तिथून रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पाच वर्षं. ती वाचली आणि १९४९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात हे शपथेवर सांगितलं, तेव्हा फ्रान्समधल्या आपल्या मंडळींनी तिचीच खिल्ली उडवली. हे ऐकून कुणाचं मनोधैर्य खचत असेल तर खचू द्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आपण समजतो तेवढं नाजूक समजण्याचं कारण नाही. अर्धवट ऐकलेलं फोनवर त्यांना रोज मिळतंच.

दुष्काळांबद्दल बोलायला तर आपण फारच कचरतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा जाब आपण ब्रिटिशांना विचारतो आणि योग्यच करतो. त्याच फूटपट्टीनं १९३२-३३ मोजा. युक्रेनमध्ये ३५ लाखांहून जास्त माणसं भुकेनं गेली. कझाखस्तानात भटक्या पशुपालकांना एका जागी बसवण्याच्या आणि त्यांची गुरं ताब्यात घेण्याच्या धोरणात जवळपास १५ लाख. त्याच दोन वर्षांत तीस लाख टनांहून जास्त धान्य परदेशी विकलं गेलं. सामूहिक शेताच्या मालमत्तेची चोरी केली तर मृत्युदंड किंवा दहा वर्षं, असा कायदा ७ ऑगस्ट १९३२ ला झाला. कापणीनंतर पडलेली कणसं वेचणाऱ्या बायकापोरांवरही तो लागला. जानेवारी १९३३ मध्ये स्टालिन आणि सरकारप्रमुख मोलोतोव्ह यांच्या सहीनं हुकूम निघाला, की युक्रेन आणि रशियातल्या कुबानमधून शेतकऱ्यांना बाहेर पडू देऊ नका. उपाशी माणूस गाव सोडून भाकरी शोधायला निघाला तर त्याला पकडून परत पाठवायचं. पाऊस न पडल्यानं पडलेल्या दुष्काळात असले हुकूम लागत नाहीत.

चीनमध्ये १९५८ ते १९६२ या काळात किती गेले यावर अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत अंदाज आहेत, बरेचसे तीन कोटींच्या आसपास येतात. मला त्या आकड्यापेक्षा हनान प्रांतातला शिनयांग विभाग जास्त अस्वस्थ करतो. ८० लाखांच्या या विभागात सुमारे १० लाख माणसं मेली. कोठारांत धान्य होतं. अधिकाऱ्यांनी वर विक्रमी पिकाचे आकडे कळवले होते, त्या आकड्यांवर वसुली ठरली, आणि तेवढं धान्य निघेना तेव्हा शेतकऱ्यांनी लपवलं म्हणून त्यांना झोडपलं. लोकांनी मदतीसाठी बाहेर लिहिलेली हजारो पत्रं टपाल कार्यालयात अडवून ठेवली होती. हे खोदून काढणारे यांग जिशेंग हे शिन्हुआ वृत्तसंस्थेत आयुष्य घालवलेले पक्षसदस्य. त्यांचे वडील १९५९ मध्ये उपासमारीनं गेले. आणि लूशानची पक्षबैठक! संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी जुलै १९५९ मध्ये माओंना खासगी पत्र लिहून, अगदी सांभाळून, एवढंच कळवलं की खालून येणारे आकडे फुगवलेले आहेत, लोक त्रासात आहेत. माओंनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि पंगना 'उजव्या संधिसाधू टोळी'चा म्होरक्या ठरवलं. त्यानंतर खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही, आणि १९६० हे वर्ष सगळ्यात भीषण गेलं. पंग १९७४ मध्ये कैदेत असतानाच वारले.

दुसरी बाजूही मी सत्रात मांडणार होते, कारण ती खरी आहे. स्वतंत्र वर्तमानपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडत नाही असं अमर्त्य सेन सांगतात. तेच सेन, ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर, हेही दाखवतात की भारतातला मृत्युदर चीनपेक्षा इतका जास्त होता, की चीनच्या त्या महादुष्काळात गेली त्याहून जास्त माणसं इथे साधारण दर आठ वर्षांनी गुपचूप मरत होती. लोकशाही कुपोषणाकडे निवांत बघू शकते. हे वाक्य आपल्या विरोधकांना पचत नाही आणि त्याआधीचं वाक्य आपल्याला. दोन्ही एकाच दमात शिकवायला हवीत, आणि मंडळ ते करू शकेल असं मला वाटत होतं.

कोलीत देण्याबद्दल. १९५६ चं ते ख्रुश्चॉव्ह यांचं भाषण बंद दाराआड झालं. जगभरच्या साध्या पक्षसदस्यांनी ते कुठे वाचलं? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जूनमध्ये ते प्रसिद्ध केलं, तिथून वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा. सोव्हिएत युनियनमध्ये ते छापलं गेलं १९८९ मध्ये. आपल्याच पक्षाचं सत्य आपल्या माणसांना शत्रूच्या सरकारकडून कळावं, याहून मोठं कोलीत कोणतं? त्या वर्षभरात पश्चिम युरोपातले पक्ष हजारोंनी रिकामे झाले. काही भाषणानंतर गेले, उरलेले नोव्हेंबरमध्ये हंगेरीत बुडापेस्टला सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर.

विरोधकांचा हिशेब स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. 'दहा कोटी बळी' हा आकडा ते उठसूट फेकतात. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या ज्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतून तो आला, त्याच ग्रंथाच्या दोन प्रमुख लेखकांनी त्या आकड्याशी आणि नाझीवादाशी केलेल्या तुलनेशी जाहीर असहमती दाखवली होती, हे ते सांगत नाहीत. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये किमान पाच लाख माणसं कम्युनिस्ट म्हणून किंवा कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून कापली गेली, त्यांच्यासाठी कुठलाही स्मरणदिन नाही. कंबोडियातली पॉल पॉटची, म्हणजे ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षाची, राजवट जानेवारी १९७९ मध्ये उलथवली ती कम्युनिस्ट व्हिएतनामनं, आणि त्यानंतरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची ख्मेर रूजच्या प्रतिनिधीकडे राहावी म्हणून चीनच्या जोडीनं अमेरिकेनंही मत दिलं. हे सगळं सांगायला हवं. पण ते सांगण्याचा अधिकार कधी मिळतो? ख्मेर रूजच्या टुओल स्लेंग तुरुंगाबद्दल आपण आधी बोललो तर. नॉम पेन्हमधली ती एक शाळा. वर्गखोल्यांत विटांच्या कोठड्या घातल्या, प्रत्येक कैद्याचा आल्याआल्या फोटो काढला, कबुलीजबाब टंकलिखित करून समासात शेरे मारले. प्रमुख होता गणिताचा एक माजी शिक्षक. किमान बारा हजार माणसं तिथून मरणाच्या वाटेला लागली, आणि त्यातले बरेचसे ख्मेर रूजचेच कार्यकर्ते. त्यांच्याबद्दल मौन पाळून जकार्ताबद्दल बोललो तर कुणी ऐकून घेणार नाही, आणि ऐकूही नये.

मग विचारसरणीचं काय? तुम्हांला भीती आहे की या सत्रातून मुलं 'मार्क्स म्हणजेच गुलाग', म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्या, असं शिकून बाहेर पडतील. मला तसं वाटत नाही, आणि 'विचार थोर, माणसं वाईट' हेही मला पटत नाही. इतक्या वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या संस्कृतींत, शेतकरी चीनमध्ये आणि औद्योगिक चेकोस्लोव्हाकियात तेच घडतं, तेव्हा प्रत्येक ठिकाणी योगायोगानं वाईट माणसंच वर आली असं म्हणणं हा आळस आहे. विचारातल्या कोणत्या कलमातून हे निघालं ते शोधायला हवं. माझ्या मते दोन कलमं आहेत. एक, पक्ष म्हणजेच वर्ग आणि पक्षाला कळतं तेच इतिहासाचं सत्य. म्हणून पक्षाला विरोध करणारा कामगार हा कामगारच नव्हे. दुसरं, गुन्हा कृत्यानं न ठरवता जन्मानं आणि वर्गानं ठरवणं. कुलकाचा, म्हणजे सधन शेतकऱ्याचा, मुलगा कुलक. जातीच्या उतरंडीविरुद्ध लढणाऱ्या आपल्या चळवळीला यात काय चुकलं हे कुणी समजावून सांगायला नको. समतेची मागणी या दोन्ही कलमांशिवाय उभी राहू शकते. वरकड मूल्याचा हिशेबही त्यांच्याशिवाय सुटतो.

हा धोका कुणाला दिसला नव्हता असंही नाही. नोव्हेंबर १९१७ च्या निवडणुकीत बोल्शेविकांना पाव हिस्सा मतं मिळाली. जानेवारीत संविधान सभा एका बैठकीनंतर गुंडाळली. १९१८ मध्येच जर्मनीच्या तुरुंगातून रोझा लक्झेंबर्ग लिहीत होत्या की निवडणुका, छापण्याचं आणि सभेचं स्वातंत्र्य गेलं की सार्वजनिक जीवन मरतं आणि नोकरशाही तेवढी उरते. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या गुप्त मतदानानं फेरनिवडणुका मागितल्या आणि लाल सेनेनं बर्फावरून चालून जाऊन त्यांना चिरडलं. हेच खलाशी १९१७ मध्ये क्रांतीचे बिनीचे शिलेदार होते. तेव्हा लेनिन हयात होते, स्टालिन अजून सरचिटणीसही झाला नव्हता.

उलट बाजूनं केरळ बघा. १९५७ मध्ये ईएमएस नंबुद्रिपाद यांचं सरकार मतपेटीतून आलं, जमीन आणि शिक्षणाला हात घातला, आणि १९५९ मध्ये केंद्रानं ते बरखास्त केलं. कम्युनिस्टांनी छावण्या उघडल्या नाहीत. ते पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले. पश्चिम बंगालमध्ये ३४ वर्षं सत्ता होती. मार्च २००७ मध्ये नंदीग्रामला पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं गेली. त्याची बातमी दुसऱ्या दिवशी सगळीकडे होती, न्यायालयानं दखल घेतली, आणि २०११ मध्ये मतदारांनी सरकार घरी पाठवलं. नोवोचेर्कास्कच्या कामगाराकडे यातलं काहीच नव्हतं. विचार तोच, झेंडा तोच, अनेकदा पुस्तकंही तीच. वर कुणीतरी जाब विचारणारं होतं की नव्हतं, एवढाच फरक. आपण 'बूर्ज्वा लोकशाही' म्हणून तिला नाकं मुरडतो. तिनं आपल्या पक्षांना गुन्हेगार होण्यापासून वाचवलं आहे, हे माझं मत तुम्हांला चिडवेल. चिडा, पण शिबिरात येऊन खोडून काढा.

'समाजवादी देशांची कामगिरी' हे सत्र रद्द करा असं मी म्हणत नाही. निरक्षर देशाला दोन पिढ्यांत अक्षरओळख करून देणं, बायकांना डॉक्टर आणि इंजिनियर करणं, २ कोटी ७० लाख माणसं गमावून हिटलरला बर्लिनपर्यंत मागे रेटणं, हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण धरणाचं उत्पादन सांगताना धरण कुणाच्या हाडांवर उभं आहे हे आपण भांडवलशाहीला विचारतो. सोव्हिएत कैद्यांकडून खणून घेतलेल्या व्हाइट सी कालव्याला तोच प्रश्न विचारायचा नाही, हे कोणत्या तत्त्वात बसतं?

माझ्या मागण्या अशा:

१. वगळलेलं सत्र त्याच दिवशी, पूर्ण वेळेसह परत घ्यावं. वेळ कमी पडत असेल तर दोन्ही सत्रं सलग ठेवावीत.

२. त्यात आपल्या मताचे वक्ते एकटे नसावेत. कम्युनिस्टविरोधी भूमिका अभ्यासानं मांडणारा एक वक्ता बोलवावा आणि मुलांना प्रश्न विचारायला निम्मा वेळ राखून ठेवावा.

३. ००४४७ चा हुकूम, ५ मार्च १९४० चा ठराव, ख्रुश्चॉव्ह यांचं भाषण आणि सांस्कृतिक क्रांतीबद्दल चिनी पक्षानं १९८१ मध्ये केलेला ठराव, यांचे मराठी गोषवारे प्राथमिक वर्गाच्या वाचनात घालावेत. गोषवारे तयार करण्याचं काम मी करते.

४. चट्टोपाध्याय, मुखर्जी आणि लुहानी यांची नावं अभिवादनाच्या यादीत घ्यावीत, आणि त्यांना कुणी मारलं तेही वाचावं.

५. सभागृहातल्या मंचामागे स्टालिनची तसबीर आहे. ती काढावी. काढायची नसेल तर का नाही, हे कार्यकारिणीनं लेखी सांगावं आणि ते सगळ्या सभासदांना वाटावं.

६. सत्र वगळण्याचा निर्णय कुणी, केव्हा घेतला, त्यावर मतदान झालं का, हे इतिवृत्तात नोंदवावं. ही मागणी सगळ्यात छोटी आहे आणि, इतिहास पाहता, सगळ्यात महत्त्वाचीही.

पत्रिका पुन्हा छापायला अजून वेळ आहे. सत्र परत आलं नाही तर त्याच दिवशी, त्याच वेळेला मी ते शिबिराच्या आवाराबाहेर घेईन. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला निमंत्रण आहे, आणि माझं म्हणणं खोडून काढायला पहिली वीस मिनिटं तुमची.

आपली,
प्राथमिक वर्ग घेणारी एक सभासद